उपकार भाकरीचे

शाळेत शिकवणाऱ्या, कोल्हापुरात राहणाऱ्या 46 वर्षांच्या एका ख्रिस्ती भगिनीचं पत्र आलं आहे. सहा पानांचं आहे, म्हणून सारांश देते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

साडेचार महिन्यांच्या आजारपणानंतर त्यांचे पती गेल्या नोव्हेंबरमध्ये गेले. घरी बारावीतली मुलगी, आठवीतला मुलगा आणि सासूबाई. सासऱ्यांच्या वेळेपासून या घरात नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ‘उपकारस्तुतीची मीटिंग’ होते. आजऱ्याकडच्या शेतातलं भात घरात आलं की पाळकसाहेब आणि मंडळीतली चाळीस-पन्नास माणसं येतात. गायन, साक्षी (म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगणं), प्रार्थना आणि मग जेवण. यंदा पतीचा वर्षदिन नेमका त्याच आठवड्यात आहे. सासूबाई म्हणतात, दोन्ही एकत्रच करू, आणि तू उभी राहून साक्ष दे. धाकट्या दिरांनी आजारपणात पैशांचा शब्द दिला आणि शेवटच्या चार दिवसांत फोन बंद ठेवला. अंत्यविधीला मात्र सगळं पुढे होऊन केलं. वर्षभर त्यांच्याशी बोलणं नाही. शेताच्या कागदांचं ‘सावकाश बघू’ असा त्यांचा निरोप आहे, आणि मीटिंगची तयारीही आता तेच करणार आहेत. “त्यांच्या शेजारी उभं राहून देवाचे उपकार मानायचे हे मला खोटं वाटतं,” असं त्या लिहितात. मुलीने विचारलं, “बाबा गेले म्हणून देवाला थँक यू म्हणायचं का आपण?” त्यावर त्यांना उत्तर सुचलं नाही. माझा विश्वास ढासळला आहे का, मीटिंग रद्द करू की मन मारून बसू, असं त्या विचारतात.

प्रिय भगिनी,

सलाम.

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं, तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. सहा पानांत दवाखाना आहे, बिलं आहेत, बंद लागलेला फोन आहे, सासूबाईंचा हट्ट आहे. ज्या माणसासाठी हे सगळं चाललं आहे तो मात्र पत्रात जवळजवळ नाही. फक्त चौथ्या पानाच्या तळाशी एक ओळ आहे: “नवा तांदूळ आला की पहिला भात ते नुसताच खायचे, मीठसुद्धा न घालता, आणि डोळे मिटून म्हणायचे, आलं बघ शेत घरात.” त्या ओळीखाली मी रेघ मारून ठेवली आहे. तिच्याकडे नंतर येते.

आधी मुलीचा प्रश्न. मला वाटतं तुमचाही खरा प्रश्न तोच आहे, फक्त तुम्हाला तो विचारायची भीती वाटली आणि तिला वाटली नाही. बाबा गेले म्हणून देवाला थँक यू म्हणायचं का? नाही म्हणायचं. इतकं सरळ उत्तर तुम्ही तिला देऊ शकता, आणि ते देताना विश्वास बाजूला ठेवावा लागत नाही.

सासूबाईंनी तुम्हाला प्रेषित पौलाचं वचन दाखवलं, “सर्व स्थितीत उपकारस्तुती करा.” थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, पाचवा अध्याय, अठरावं वचन. आपल्या कितीतरी घरांत ते फ्रेम करून लावलेलं असतं. त्यातला ‘स्थितीत’ हा शब्द नीट ऐका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा वरच्या मजल्यांवर अडकलेल्या माणसांना बोटीतून दूध आणि बिस्किटं पोचवली गेली. ते घेताना लोकांनी हात जोडले. उपकार पुरात मानले, पुराचे कुणी मानले नाहीत, आणि त्यांना तसं करायला कुणी सांगितलंही नाही.

तुम्ही बायबल वाचणाऱ्या आहात, म्हणून तुमच्या मनात पुढची शंका येईल हे मला ठाऊक आहे. इफिसकरांस पत्रात तोच पौल ‘सर्व गोष्टींबद्दल’ उपकारस्तुती करा असं म्हणतो, त्याचं काय? तर तोच पौल करिंथकरांना लिहिताना मृत्यूला ‘शत्रू’ म्हणतो. शेवटचा शत्रू. ज्याला तो शत्रू म्हणतो त्याच्याबद्दल विधवेने हात जोडावेत अशी त्याची अपेक्षा असेल, हे मला कधीच पटलेलं नाही. ‘देवाची इच्छा होती’ हे वाक्य आपल्याकडे सांत्वनाला येणारी माणसं उंबरठ्यावरच ठेवून जातात. त्यांचा हेतू चांगला असतो. पण तुमच्या घरात सतरा वर्षांची मुलगी आहे आणि ती त्या वाक्याचा अर्थ लावत बसते: म्हणजे माझे बाबा देवानेच मारले. तिने प्रश्न तुम्हाला विचारला, मनात दाबून ठेवला नाही, याचा मला फार दिलासा वाटतो. जिचा विश्वास संपला आहे ती मुलगी असे प्रश्न विचारत नाही, ती उपासनेला यायचं बंद करते.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. आपण प्रभुभोजन घेतो तेव्हा पाळक कोणते शब्द वाचतात ते आठवा. ज्या रात्री येशूला धरून देण्यात आलं त्या रात्री त्याने भाकर घेतली, उपकारस्तुती केली, ती मोडली आणि म्हणाला, “माझ्या स्मरणार्थ हे करा.” स्मरण आणि उपकारस्तुती, ज्या दोन गोष्टी एकाच आठवड्यात आल्या म्हणून तुमच्या घरात पेच पडला आहे, त्या इथे एकाच ताटात आहेत, आणि तेही त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट रात्री. त्याने उपकार कशाचे मानले? हातातल्या भाकरीचे. ज्याने त्याला धरून दिलं तो त्या रात्री पंगतीत बसलेला होता. त्या धरून देण्याबद्दल त्याने आभार मानल्याचं कुठे लिहिलेलं नाही. उलट पुढे बागेत गेल्यावर त्याने हा दुःखाचा प्याला टळू दे अशी विनवणी केली, एकदा नाही तर तीनदा. भाकरीचे उपकार आणि प्याल्याबद्दलची विनवणी, दोन्ही एकाच रात्रीतली.

तेव्हा भगिनी, तुमच्यापुढे प्रश्न ‘उपकार मानू की नको’ असा उभा राहिला आहे, तो तसा उभा करूच नका. तुमच्या हातात कोणती भाकर आहे एवढंच बघा. ती अगदी लहान असली तरी चालेल. आणि प्याला कडू आहे हे सांगायचा हक्क भाकरीमुळे जात नाही.

हे मी कुठल्या उंचीवरून सांगत नाही. माझ्या वडिलांच्या पहिल्या वर्षदिनाला मीही साक्ष दिली होती. “प्रभूने त्यांना वेदनांतून सोडवलं, त्याची स्तुती असो,” असं म्हटलं. सगळ्यांनी आमेन म्हटलं, दोघीतिघींनी येऊन हात हातात घेतला. वाक्य खोटं नव्हतं, पण ते माझं नव्हतं. दुसऱ्यांच्या अंत्यविधींना ऐकून ऐकून ते पाठ झालं होतं. त्यानंतर कितीतरी महिने प्रार्थनेला बसले की तेवढं एक वाक्य ओठांवर यायचं आणि त्याच्यापुढे काही येत नसे. आई त्या दिवशी एक अक्षर बोलली नाही. ती स्वयंपाकघरात होती. कुणीतरी चहा मागितला तेव्हा तिने सवयीने वडिलांचा कप काढला, पदराने पुसला, परत जागेवर ठेवला आणि दुसरा कप घेतला. मी दारात उभी राहून ते पाहिलं. माझ्या साक्षीतला एकही शब्द आता मला नीट आठवत नाही. तो कप आठवतो.

म्हणून साक्षीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको वाटत असेल तर देऊ नका. त्यासाठी मीटिंग रद्द करायची गरज नाही. पाळकसाहेबांना आधी, मीटिंगच्या निदान चार दिवस अगोदर, जाऊन भेटा. फोनवर सांगू नका, फोनवर माणूस घाईने ‘बरं बरं’ म्हणतो. त्यांना सांगा, “मला साक्षीसाठी नावाने बोलावू नका. मला वाटलं तर मी आपण होऊन उठेन.” सासूबाईंना हे तुमच्याकडून कळण्यापेक्षा पाळकांकडून कळलं तर सोपं जाईल. अशी विनंती करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. जे पाळक मंडळीत राहून आजारी माणसांच्या उशाशी बसतात, त्यांना ती समजते.

आणि उठावंसं वाटलंच तर मोठं बोलायची गरज नाही. शमुवेल संदेष्ट्याने दगड उभा करून त्याला एबन-एजर, म्हणजे ‘साहाय्याचा दगड’, असं नाव दिलं आणि म्हटलं, “येथवर परमेश्वराने आम्हांला साहाय्य केले आहे.” हे वचन आपण नव्या घराच्या दारावर लावतो, लग्नपत्रिकेवर छापतो. पण पहिल्या शमुवेलाची पानं थोडी मागे उलटा. चौथ्या अध्यायात एबन-एजर हेच नाव येतं, आणि तिथे इस्राएलाचा दारुण पराभव होतो, हजारो माणसं पडतात, कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी, शत्रूच्या हाती जातो. एली याजकाची सून त्याच दिवशी विधवा होते आणि बाळंत होताना मरते. म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानात जे नाव हरण्याचं होतं तेच शमुवेलाने उपकाराच्या दगडाला दिलं. ‘येथवर’ या शब्दात वाट चांगली होती असा दावा नाही, पुढे काय होईल याचं आश्वासनही नाही. दोन मुलांना घेऊन एक वर्ष ओलांडलेली बाई तेवढा एक शब्द उच्चारून खाली बसली, तर माझ्या मते ती पूर्ण साक्ष झाली.

मीटिंग आणि वर्षदिन एकत्र करायचे का? मी असते तर सकाळ आणि संध्याकाळ वेगळी केली असती. वर्षदिनाच्या सकाळी फक्त घरचे चौघं कबरीवर जा. फार माणसं नकोत. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या तयार हारापेक्षा घरच्या झेंडूची चार फुलं, पाण्याची बाटली आणि एक जुना ब्रश न्या. दगड धुवायला मुलांना सांगा. हाताला काम असलं की या वयाची मुलं बोलती होतात. समोरासमोर बसवून विचारलं तर ती गप्प होतात, हे तुम्हाला शिक्षिका म्हणून माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. मग मीटिंग त्याच आठवड्यातल्या दुसऱ्या एखाद्या दिवशी होऊ दे, नेहमीसारखी, शेताच्या नावाने. सासूबाईंना त्यांची मीटिंग मिळेल. त्यांचाही विचार करा. त्यांचा मुलगा गेला आहे. नवऱ्याने सुरू केलेली रीत मुलाच्या वर्षदिनामुळे तुटली तर आपल्या हातून दोघंही पुन्हा एकदा गेले असं त्यांना वाटत असेल. तुम्हाला जो हट्ट दिसतो तो कदाचित त्यांचा विलाप असेल. त्यांना एकदा विचारून बघा, मीटिंगबद्दल न विचारता मुलाबद्दल विचारा.

‘एक वर्ष झालं’ या गोष्टीचाही तुमच्यावर दाब आहे असं पत्रावरून दिसतं. आपल्याकडे बऱ्याच ख्रिस्ती घरांत पहिल्या वर्षी नाताळचा तारा लावत नाहीत, शेजारच्या घरांत पहिल्या वर्षी सण करत नाहीत. या रीतीचं एक भलं आहे: दुःखाला जागा मिळते. पण त्याच रीतीची दुसरी बाजू अशी की तीनशे पासष्टाव्या दिवशी सगळ्यांना वाटतं, आता आवरायला हवं. मन असं तारखेवर आवरत नाही. तुमचं मन अजून दवाखान्याच्या त्या बाकावर बसलेलं आहे. त्याला तिथून उठायला वेळ लागेल, आणि देवाला त्याची घाई नाही.

आपल्या कोल्हापुरातच याची साक्ष आहे. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर, 1943 ते 1948 च्या दरम्यान, वळिवडे इथल्या छावणीत सुमारे 5 हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं होती. घरातून उचलून सैबेरियाकडे नेलेली, भूक आणि थंडीतून वाचून इराणमार्गे इथवर पोचलेली. ही माणसं बहुतांशी ख्रिस्ती होती. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत कबरींवर दिवे लावायची त्यांच्या देशात जुनी रीत आहे, आणि इथे तर त्यांच्यापैकी कित्येकांच्या आयांच्या, भावंडांच्या कबरी मागे, बर्फात, नावाशिवाय राहिल्या होत्या. त्यांच्यातले जे इथे गेले ते कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत. छावणीत वाढलेली मुलं पुढे जगभर पांगली. म्हातारपणी त्यांच्यातले काही परत आले, आणि महावीर उद्यानात आज या शहराबद्दलच्या कृतज्ञतेचा स्तंभ उभा आहे. कधी त्या बाजूला गेलात तर मुलीला दाखवा. त्या मुलांना वळिवड्यात पोटभर जेवण मिळालं, शाळा मिळाली, त्याचे उपकार त्यांनी आयुष्यभर मनात ठेवले, आणि दगडात कोरायला कित्येक दशकं घेतली. सैबेरियात जे गेले त्यांची आठवण त्यांना उपकार मानण्यासाठी पुसून टाकावी लागली नाही. तुम्हाला तर एकच वर्ष झालं आहे.

आता तुमच्या घरच्या भाताकडे येते. सासऱ्यांनी सुरू केलेली रीत जुन्या करारातली आहे. त्यातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात सांगितलं आहे की पहिलं पीक टोपलीत घालून देवापुढे न्यायचं आणि तिथे उभं राहून काही शब्द म्हणायचे. मला लहानपणी वाटायचं ते शब्द ‘किती छान पीक आलं’ असे असतील. ते तसे नाहीत. शेतकरी तिथे म्हणतो की माझा मूळपुरुष भटकणारा अरामी होता, मिसर देशात आमचे हाल झाले, आम्हाला राबवलं, आम्ही आक्रोश केला. भरलेली टोपली हातात, आणि तोंडात हालअपेष्टांची हकिगत. म्हणजे उपकारस्तुतीच्या मीटिंगमध्ये दुःख बोललं तर मीटिंग बिघडते असं जे तुम्हाला वाटतं, ते मूळ विधीच्या उलट आहे. दुःख बोलल्याशिवाय तो विधी पुरा होत नाही. पाळकसाहेबांना विनंती करा की यंदा स्तोत्राऐवजी हा उतारा वाचावा.

त्याच अध्यायात थोडं पुढे दशांश कुणाला द्यायचा ते येतं: लेवी (म्हणजे मंदिराची सेवा करणारे), उपरी, अनाथ आणि विधवा. हे वाचताना मी थांबले, भगिनी. इतकी वर्षं तुम्ही त्या घरच्या सूनबाई म्हणून पहाटेपासून चुलीपुढे असायच्या, पन्नास माणसांचा तांबडा-पांढरा रस्सा, भात, सगळं तुमच्या हातचं. यंदा त्या अध्यायात तुमची जागा बदलली आहे. टोपली भरणाऱ्यांत तुम्ही नाही, टोपली ज्यांच्या दारी पोचवायची त्यांच्यात आहात. तुम्हाला हे आवडणार नाही. मदत घेण्याची सवय नसलेल्या बाईला ती घेणं फार जड जातं. पण मला वाटतं यंदा तुमच्याकडून देवाला हीच अपेक्षा असावी की तुम्ही बसा आणि दुसऱ्या कुणीतरी वाढू दे. महिला मंडळातल्या भगिनींना सांगा, स्वयंपाक तुम्ही बघा. मटणाचा घाट नको असेल तर पिठलं-भात करा. कोल्हापुरात पाहुण्यांना पिठलं वाढलं म्हणून कुणी नाव ठेवलं तर ठेवू दे.

राहिले दीर. इथे तुम्ही स्वतःला एका वचनाने फटके मारून घेतलेत असं दिसतं. वेदीपुढे अर्पण ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मत्तय पाचवा अध्याय. ते वचन पुन्हा वाचा. तिथे म्हटलं आहे की ‘तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे’ असं आठवलं तर तू जा. म्हणजे ज्याच्यामुळे दुसरा दुखावला आहे त्याने आधी उठून जायचं आहे. तुमच्या घरात दुखावल्या गेल्या आहात त्या तुम्ही. या वचनाप्रमाणे पाय कुणी उचलायला हवेत ते उघड आहे. क्षमा तुम्हालाही करायची आहे, ते आपल्याला कुणालाच चुकलेलं नाही. पण क्षमा आणि समेट एकाच दिवशी, पन्नास माणसांसमोर, रस्सा वाढायच्या आत उरकायचे अशी आज्ञा कुठेही नाही. रोमकरांस पत्रात पौल म्हणतो, शक्य तर, तुमच्याकडून होईल तितके, सर्व माणसांबरोबर शांतीने राहा. ‘शक्य तर’ आणि ‘तुमच्याकडून होईल तितके’. एका वाक्यात दोन अटी. पौलालाही दीर-भाऊबंद माहीत असणार.

आज तुमच्याकडून काय होईल? बहुधा एवढंच: त्यांना दारात ‘या’ म्हणणं, आणि त्यांच्याविरुद्ध कुणी बोलायला लागलं तर ते बोलणं पुढे न वाढवणं. एवढं पुरे. खरं बोलणं नंतर, दोघांचा मान राखणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्यासमोर, शांतपणे व्हायला हवं. तेव्हा आरोपाने सुरुवात करू नका. त्या चार दिवसांत तुम्ही कुठे होता, मला ते कळायला हवं, एवढंच विचारा. ते पैशाच्या भीतीने पळाले असतील किंवा भावाला मरताना बघायच्या भीतीने. दोन्ही चूकच, पण दोन्हींची क्षमा वेगळी असते. काय घडलं ते कळल्याशिवाय क्षमा कशाची करायची?

शेताचं मात्र ‘सावकाश’ करू नका. शांती राहावी म्हणून पुष्कळ बायका कागदांचा विषय काढत नाहीत, आणि मग दहा वर्षांनी मुलं भांडतात. आपल्याला, म्हणजे भारतीय ख्रिश्चनांना, 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर पतीच्या वाट्यातला एक तृतीयांश पत्नीचा आणि उरलेला दोन तृतीयांश मुलांचा, मुलगा-मुलगी समान. तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला देऊन वारसनोंदीचा अर्ज करा आणि सातबाऱ्यावर नावं चढली का ते स्वतः बघा. दोन्ही मुलं अजून कायद्याने अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांच्या आतली, आहेत, त्यामुळे त्यांच्या वाट्याशी संबंधित कुठल्याही कागदावर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. यात दिरांशी वैर धरण्यासारखं काही नाही. त्यांना आधी कळवा, “वारसनोंद करून घेते आहे,” आणि करून घ्या.

पत्रात एका ठिकाणी तुम्ही लिहिलंय की रात्री तीनला जाग येते ती पुन्हा झोप लागत नाही, आणि शाळेत फळ्यापुढे उभं असताना काय शिकवत होतो ते आठवेनासं होतं. हे वर्षभर चाललं असेल तर डॉक्टरांना भेटा. प्रार्थना करत राहा आणि डॉक्टरांनाही भेटा. कुणाशी तरी बोलावंसं वाटलं, आणि रात्री तीनला तसं वाटतंच, तर सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा आहे, क्रमांक 14416. ओळखीच्या माणसाशी बोलण्यापेक्षा कधी कधी ते सोपं जातं. अशा स्थितीत असलेल्या इतर भगिनी-बंधूंनीही हा क्रमांक लिहून ठेवावा.

आणखी एक, जमलं तर. मीटिंगच्या दिवशी दाराजवळ टेबलावर एक जाड कव्हराची वही आणि दोन पेनं ठेवा. येणाऱ्या प्रत्येकाला मुलाने सांगायचं, “बाबांची एक आठवण लिहा, आणि काहीतरी घडलेलं लिहा.” ‘देवमाणूस होते, मनमिळाऊ होते’ असलं नको, ते सगळ्यांबद्दलच लिहितात. कुणाची पंक्चर काढून दिली, कुणाला रांगेत पुढे जाऊ दिलं, कुठलं गाणं नेहमी चुकीच्या सुरात सुरू केलं, असं. दिरांनाही लिहू द्या. पन्नास वर्षांचे भाऊ आहेत, त्यांच्याजवळ तुमच्याकडे नसलेल्या आठवणी असतील, आणि तुमच्या मुलांचा त्यांवर हक्क आहे. ती वही लगेच वाचायची नाही. नाताळ होऊन गेल्यावर वाचा.

आता ती चौथ्या पानावरची ओळ. तुम्ही विचारता, माझा विश्वास ढासळला आहे का, मला उपकार मानता येत नाहीत का. तुमच्याच हातची ओळ बघा. त्यात देवाचं नाव नाही, आमेन नाही, पण एक माणूस डोळे मिटून नव्या भाताचा घास घेतो आहे आणि त्याची बायको ते बघते आहे, आणि एका वर्षाने, एवढ्या कडू पत्राच्या मध्येच, तिला ते लिहावंसं वाटतं. तुम्हाला मागितलेली साक्ष तुम्ही आधीच लिहून बसला आहात.

भात मळून तांदूळ घरी आला की मीटिंगची वाट बघू नका. आदल्या संध्याकाळी फक्त घरच्यांपुरता एक वाटी शिजवा. नवा तांदूळ चिकट होतो, पाणी बेताने घाला. सासूबाईंना आधी वाढा. मग मुलीला सांगा, आज मीठ न घालता खायचं. का ते तिला माहीत असेल, आणि नसेल तर तुम्ही सांगा.